‘स्वोर्ड्समन २’ (१९९२): वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हाँगकाँगच्या ‘स्वोर्ड्समन’ मालिकेच्या दुसऱ्या भागाबद्दल वाचक जे प्रश्न पुन्हापुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. प्रश्न ९ पर्यंत कथेचा शेवट फोडलेला नाही. प्रश्न १० पासून सगळं उघड आहे, त्यामुळे चित्रपट पाहायचा असेल तर तिथे थांबा आणि पाहून झाल्यावर परत या.

१. हा नेमका कोणता चित्रपट आणि तो कोणी केला?

१९९२ साली हाँगकाँगमध्ये प्रदर्शित झालेला वुशिया चित्रपट. वुशिया म्हणजे तलवारबाज, पंथ, गुप्त विद्या आणि हवेत उडणारी माणसं यांच्या चिनी कथा. दिग्दर्शक चिंग सिउ-तुंग, निर्माते त्सुई हार्क. कथेचा आधार जिन योंग यांची कादंबरी, जी त्यांच्याच ‘मिंग पाओ’ या दैनिकात १९६७ ते १९६९ या काळात रोज थोडी थोडी छापून येत होती. जेट ली, ब्रिजिट लिन, रोझामंड क्वान आणि मिशेल रीस हे प्रमुख कलाकार. लांबी पावणेदोन तासांच्या आसपास.

२. पहिला भाग पाहिला नाही. थेट दुसरा पाहिला तर कळेल का?

कळेल. आमचा सल्ला तर दुसऱ्यापासूनच सुरुवात करण्याचा आहे, कारण तिन्हींत सरस तोच आहे. पहिल्या भागातलं (१९९०) एवढं माहीत असलं की पुरे: राजवाड्यातून एक गुप्त पोथी चोरीला जाते. ती सूर्यफूल पोथी. तिच्यातली विद्या ज्याला येईल तो अजिंक्य होतो, म्हणून सगळे तिच्यामागे लागतात. ह्वाशान पंथाचा तरुण शिष्य लिंगहू चोंग या भानगडीत ओढला जातो आणि ज्याला देव मानलं तो आपला गुरूच ढोंगी निघाला, हे त्याला कळतं.

दुसरा भाग सुरू होतो तेव्हा लिंगहू चोंग आणि त्याचे गुरुबंधू या सगळ्याला विटलेले आहेत. तलवार खाली ठेवायची आणि कुठेतरी शांतपणे जगायचं, एवढंच त्यांना हवं आहे. तेवढंच त्यांना मिळत नाही. चित्रपट कितीही आडवातिडवा उडत गेला तरी ही एक गाठ धरून ठेवा, मग वाट चुकत नाही.

३. दुसऱ्या भागात सगळे कलाकार वेगळे कसे? हा खरंच सिक्वेल आहे का?

कथा पुढची आहे, माणसं मात्र बदलली (पात्रांची ओळख प्रश्न ४ मध्ये आहे). लिंगहू चोंगच्या भूमिकेत पहिल्या भागात गायक-अभिनेते सॅम हुई होते, इथे जेट ली आहेत. रन इंगइंग शार्ला चेउंगऐवजी रोझामंड क्वान करतात, धाकटी गुरुबहीण सेसिलिया यिपऐवजी मिशेल रीस. निळी फिनिक्स ही सापवाली तेवढी दोन्ही भागांत फेनी युएनच आहे. आणखी एक चकवा आहे. लाऊ शुन हे नट दोन्हीकडे दिसतात, पण भूमिका निराळ्या: पहिल्यात राजवाड्यातला क्रूर खोजा, दुसऱ्यात रन घराण्याशी निष्ठावान सरदार. ओळखीचा चेहरा दिसला म्हणून जुनंच पात्र समजू नका.

पहिल्या भागाची घडणही सरळ नव्हती. दिग्दर्शक म्हणून किंग हू यांचं नाव आहे, पण ते मध्येच बाजूला झाले आणि उरलेलं काम त्सुई हार्क, चिंग सिउ-तुंग व इतरांनी मिळून पूर्ण केलं. दुसरा भाग मात्र एका हाताचा वाटतो.

४. सबटायटल्समध्ये एकाच माणसाला दोन-तीन नावं येतात. कोण कोण आहे?

नावं कँटोनीज उच्चाराने येतात, मँडरिन उच्चाराने येतात, आणि जुन्या प्रतींत इंग्रजी टोपणनावंही घुसवलेली असतात. इथे सगळीकडे मँडरिन नावं वापरली आहेत. पाहण्यापूर्वी एवढी ओळख करून घ्या.

लिंगहू चोंग हा नायक, दारूचा शौकीन, मनाने मोकळा. त्याची पुरुषी वेशात वावरणारी गुरुबहीण युए लिंगशान. सबटायटल्समध्ये ती ‘किड्डो’ असते. रन वोशिंग हा सूर्य-चंद्र पंथाचा पदच्युत प्रमुख आणि रन इंगइंग त्याची मुलगी. पंथाची गादी बळकावून बसलेला तो डोंगफांग बूबाई, म्हणजे ब्रिजिट लिन. इंग्रजी प्रतींत त्याला ‘एशिया’ किंवा ‘इन्व्हिन्सिबल एशिया’ म्हणतात. हत्तोरी हा त्याच्याशी हातमिळवणी केलेला जपानी योद्धा.

५. भांडण नेमकं कशाचं आहे? पहिल्या अर्ध्या तासात काहीच कळलं नाही.

पहिल्या अर्ध्या तासात गर्दी फार आहे, हे खरं. बाजू अशा: डोंगफांग बूबाईने रन वोशिंगला कैद करून पंथ ताब्यात घेतला आणि सूर्यफूल पोथीही मिळवली. आता जपानी तुकडीला सोबत घेऊन मिंग सम्राटालाच उलथून टाकायचा त्याचा बेत आहे. रन इंगइंग बेपत्ता बापाला शोधते आहे. लिंगहू चोंगचं तिच्यावर मन आहे, म्हणून निवृत्तीच्या वाटेवरून तो वळतो आणि तिच्या बाजूने उतरतो. त्याच दरम्यान पाण्याकाठी त्याला एक देखणी स्त्री भेटते. ती बोलत नाही. ती कोण, हे प्रेक्षकाला ठाऊक असतं, त्याला नसतं. पुढचा सगळा चित्रपट या एका गैरसमजावर उभा आहे.

६. कँटोनीजमध्ये पाहावा की मँडरिनमध्ये? ओठ आणि आवाज जुळत नाहीत, माझी प्रत खराब आहे का?

प्रत ठीक आहे. त्या काळात हाँगकाँगचे बहुतेक चित्रपट चित्रीकरणाच्या वेळी आवाज न घेताच शूट होत आणि नंतर दोन्ही भाषांत डब होत. जेट ली बीजिंगचे, ब्रिजिट लिन तैवानच्या. दोघांचीही भाषा मँडरिन. म्हणजे कँटोनीज प्रतीत त्यांचे ओठ जुळणारच नाहीत आणि मँडरिन प्रतीत हाँगकाँगच्या नटांचे. शंभर टक्के जुळणारी प्रत अस्तित्वातच नाही.

या दोन्हींपैकी कोणतीही घ्या, पण इंग्रजी डबिंग टाळा. डोंगफांगच्या पात्रात आवाजाचं काम फार मोठं आहे (प्रश्न १० पाहा) आणि इंग्रजीत त्याची माती होते.

७. इतकं उडणं कसं केलं? संगणकावर केलं होतं का?

नाही. तार, कप्पी आणि माणसांचा जोर. संगणकाने तार पुसण्याची सोय तेव्हा हाँगकाँगच्या रोजच्या कामात आलेली नव्हती, म्हणून तार लपवणं हीच मोठी कला होती.

कामाची रीत साधारण अशी असते. नटाच्या पोशाखाच्या आत कंबर आणि मांड्यांभोवती जाड पट्ट्यांचा हार्नेस बांधतात. कोलांटी मारायची असेल तर तार दोन्ही कुल्ल्यांजवळ लावायची, म्हणजे शरीर त्या अक्षाभोवती फिरतं. सरळ वर झेपावायचं असेल तर पाठीवर एकच जोड पुरतो. बारीक पोलादी तार वर क्रेनवरच्या किंवा बांबूच्या परांचीवरच्या कप्पीतून नेतात आणि दुसऱ्या टोकाला दोर धरून माणसं उभी असतात. इशारा झाला की ती धावतात किंवा उंचावरून उडी टाकतात, आणि त्यांच्या वजनाने नट वर जातो. नट कसा उडतो हे बरंचसं दोर ओढणाऱ्यांवर ठरतं. अर्धा क्षण आधी ओढलं तर पाय जमिनीला रेटा देण्यापूर्वीच शरीर उचललं जातं आणि तो टांगलेल्या बाहुलीसारखा दिसतो. उतरवताना दोर सैल करायला उशीर झाला तर पाय टेकतात पण गुडघ्यात भार येत नाही, आणि प्रेक्षकाला लगेच खोटं वाटतं. आडवी झेप सर्वांत अवघड, कारण एकाच कप्पीवर शरीर झोपाळ्यासारखं झुलतं. त्यासाठी मार्ग दोन ठिकाणी बांधावा लागतो.

तार लपवण्याचे उपाय साधे आहेत. तारेला पार्श्वभूमीचा रंग द्यायचा. मागे झाडं, धूर, उडता पाचोळा ठेवायचा. मोकळं उजळ आकाश टाळायचं, कारण तिथे तार चमकते. शॉट इतका छोटा ठेवायचा की डोळा तारेपर्यंत पोहोचायच्या आत तो संपला पाहिजे. या चित्रपटात रात्र, निळसर प्रकाश आणि धुकं इतकं का आहे, याचं अर्धं उत्तर इथे आहे. उरलेलं अर्धं म्हणजे चिंग सिउ-तुंग यांची आवड. त्यांना फडफडतं कापड फार प्रिय. मोठ्या पंख्यांसमोर लांब बाह्या आणि झगे सोडले की शरीर कमी हलूनही पडदाभर हालचाल दिसते, शिवाय हार्नेसचा फुगवटा झाकला जातो.

आपल्याकडचा दुवाही आहे. ‘क्रिश’ (२००६) या हिंदी चित्रपटातल्या साहसदृश्यांसाठी याच चिंग सिउ-तुंग यांना बोलावलं होतं. दोन्ही लागोपाठ पाहा, झेप घेण्याआधीचा क्षणभराचा थांबा ओळखू येईल.

८. मारामारी इतकी भरभर का होते? कोणी कोणाला मारलं तेच दिसत नाही.

दोन कारणं. पहिलं, कॅमेरा मुद्दाम हळू चालवतात. चित्रपट सेकंदाला २४ फ्रेम्सने दाखवला जातो. चित्रीकरण २० फ्रेम्सने केलं तर हालचाल १.२ पट वेगवान दिसते, १८ ने केलं तर १.३३ पट. त्याखाली गेलं की कापड, धूर आणि घोड्याची चाल विचित्र दिसू लागते आणि चोरी पकडली जाते.

दुसरं कारण संकलन. लांबच्या शॉटमध्ये चेहरा न दिसणारा डुप्लिकेट, मग नटाचा चेहरा, मग तलवारीचं पातं, मग फाटलेली भिंत, असे तुकडे जोडलेले असतात. वार आणि परिणाम एका चौकटीत क्वचितच येतात. जेट ली हे बीजिंगच्या वुशू संघात लहानपणापासून घडलेले. त्यांचं पायाचं काम पाहायला आलेल्याची इथे निराशा होते, आणि ही तक्रार रास्त आहे. त्यांचं अंगभूत कौशल्य या चित्रपटाने फारसं वापरलेलं नाही. इथे पाहायचं ते प्रत्येक विद्येचं रूप: निन्जा जमिनीखालून सुरुंगासारखे येतात, प्रचंड फिरत्या चक्रांवर स्वार होतात, रन वोशिंग समोरच्याची शक्ती शोषून त्याचं शरीर चिपाडासारखं करून टाकतो, आणि डोंगफांग या सगळ्यांना शिवणाच्या सुयांनी उत्तर देतो. सर्वांत बलवान पात्राच्या हातात सर्वांत लहान शस्त्र आहे. दुसऱ्यांदा पाहताना फक्त या सुया आणि दोऱ्यांकडे लक्ष ठेवून पाहा.

९. मुलांबरोबर पाहता येईल का?

लहान मुलांबरोबर नको. हातपाय, मुंडकी तुटतात, तलवारीच्या एका वाराने घोड्याचे दोन तुकडे होतात, आणि कैदखान्यात रन वोशिंगच्या शरीरात आकडे अडकवलेले दिसतात. शय्येचा प्रसंग सूचक आहे, उघडा नाही. रक्तपात अवास्तव असला तरी संख्येने भरपूर आहे. चौदा-पंधराच्या पुढच्या मुलांबरोबर पाहायला हरकत नाही, मात्र प्रश्न १० मधल्या विषयावर बोलायची तयारी ठेवा.

१०. डोंगफांग बूबाई पुरुष आहे की स्त्री? सुरुवातीला आवाज पुरुषाचा का येतो?

जन्माने पुरुष. सूर्यफूल पोथीतली विद्या साधायची तर आधी स्वतःचं खच्चीकरण करावं लागतं, अशी अट आहे. डोंगफांगने ती पाळली. विद्या जसजशी मुरते तसतसं शरीर, चाल, आवाज सगळं स्त्रीचं होत जातं. म्हणून सुरुवातीला पुरुषाचा आवाज डब केला आहे आणि पुढे तो बाईचा होतो. पाण्याकाठच्या भेटीत ती गप्प का राहते, ते इथे कळतं: तोंड उघडलं असतं तर आवाजाने घात केला असता.

बालगंधर्वांच्या परंपरेत वाढलेल्या आपल्या प्रेक्षकाला पुरुषाने स्त्री होणं नवं नाही. इथे मात्र स्त्री झालेल्या पुरुषाची भूमिका एक नटी करते, आणि प्रत्येक दृश्यात तो बदल किती पुढे गेला आहे ते मानेच्या कलाने, नजरेने दाखवते. १९८६ मध्ये त्सुई हार्क यांच्याच एका चित्रपटात ब्रिजिट लिन यांनी पुरुषी वेशातली तरुणी केली होती. त्या तयारीचा इथे उपयोग झालेला दिसतो. या भूमिकेनंतर त्यांच्याकडे तशाच भूमिकांची रीघ लागली.

हे पात्र म्हणजे पारलिंगी व्यक्तीचं चित्रण मानावं का, असंही बरेच जण विचारतात. जपून मानावं. स्त्रीत्व इथे सत्तेसाठी मोजलेल्या किमतीतून येतं, स्वतःच्या ओळखीतून नाही, आणि सत्तालोभाशी त्याची सांगड घालणं आज खटकतं. पण चित्रपट या पात्राची टवाळी करून सुटत नाही. सर्वांत खोल दुःख त्याने याच पात्राला दिलं आहे.

११. त्या रात्री अंधारात लिंगहू चोंगबरोबर कोण होतं?

डोंगफांग नव्हे, त्याची आवडती उपपत्नी. ही अदलाबदल प्रेक्षकाला दाखवलेली आहे, पण दृश्य इतकं काळोखं आहे की खराब प्रतीत निसटतं. लिंगहू चोंगला ती पाण्याकाठची स्त्रीच वाटते, आणि तो तिथे गुंतलेला असतानाच डोंगफांगच्या हातून त्याच्या गुरुबंधूंचा संहार होतो.

म्हणूनच शेवटी काळ्या कड्यावर, डोंगफांग कोसळत असताना, तो तिला धरून हेच विचारतो. ती उत्तर देत नाही. सांगितलं तर तो विसरून जाईल. न सांगितलं तर जन्मभर आठवण काढील, हा तिचा हिशोब. त्याला ढकलून वाचवते आणि स्वतः खाली जाते. आपल्याला उत्तर ठाऊक असतं, त्याला कधीच कळत नाही. चित्रपटातलं सगळं उडणं, फुटणं, चिरणं मिळून जे साधत नाही ते या नकाराने साधतं.

१२. कादंबरीत हे असंच आहे का?

मुळीच नाही. चाळीस प्रकरणांच्या कादंबरीत डोंगफांग बूबाई प्रत्यक्ष समोर येतो तो जवळजवळ एकाच प्रकरणात, एकतिसाव्या. तिथे तो स्त्रीवेषात बसून भरतकाम करतो, यांग ल्येनथिंग नावाच्या पुरुषावर जीव टाकतो, आणि लिंगहू चोंगशी त्याचं प्रेमाचं काही नाही. चौघे मिळूनही त्याला आवरू शकत नाहीत. इंगइंग यांगवर वार करते, डोंगफांगचं लक्ष विचलित होतं आणि तो मारला जातो. सुई, भरतकाम आणि खच्चीकरणाची अट एवढं चित्रपटाने तिथून उचललं. प्रेमकथा संपूर्ण चित्रपटाची.

ही कल्पना मूळ कादंबरीपेक्षा लोकांच्या मनात जास्त रुजली. २०१३ च्या चिनी दूरदर्शन मालिकेत तर डोंगफांग बूबाई सरळ स्त्रीच आहे, जो चेन यांनी केलेली, आणि तिची लिंगहू चोंगशी प्रेमकथा आहे.

१३. जपानी योद्धे, मिंग राजवट: यात खरा इतिहास किती?

पार्श्वभूमीपुरता. जपानमधल्या यादवीत तोयोतोमी हिदेयोशीकडून हरलेले लोक चीनच्या किनाऱ्यावर आले, असं चित्रपट धरतो. म्हणजे काळ सोळाव्या शतकाचा शेवट. कादंबरीत मात्र काळ सांगितलेलाच नाही, आणि ते मुद्दाम. सांस्कृतिक क्रांतीच्या धामधुमीत ती लिहिली गेली. सत्तेसाठी धडपडणारी, व्यक्तिपूजा करवून घेणारी माणसं कोणत्याही काळात सापडतात, असं जिन योंग यांनी तिच्या उपसंहारात म्हटलं आहे.

१४. रन वोशिंग तर पीडित होता ना? मग शेवटी त्याच्यापासून पळून का जावं लागतं?

कारण गादी परत मिळताच तो डोंगफांगसारखाच वागू लागतो: संशय, शिरच्छेद, शरण आलेल्यांचीही गय नाही. माणूस म्हणजेच ज्यांगहू, मग त्यातून बाहेर कसा पडणार, असं तो लिंगहू चोंगला आधीच बजावतो. ज्यांगहू म्हणजे तलवारबाजांचं हे वैराने बांधलेलं जग. लिंगहू चोंग आणि गुरुबहीण जहाजाने जपानकडे निघतात, इंगइंग बापाजवळ मागे राहते. प्रश्न २ मध्ये सांगितलेली निवृत्ती त्याला मिळते, पण जिच्यासाठी थांबला होता ती सोडून.

१५. मित्रमंडळी पिताना म्हणतात ती चाल ओळखीची का वाटते?

चाल पहिल्या भागातली, जेम्स वाँग यांची. पाच स्वरांच्या चिनी स्वरमालेतले स्वर वरून खाली ओळीने म्हटले की पहिली ओळ तयार होते. आपल्या हिशोबाने ध प ग रे सा, म्हणजे भूपाचे स्वर, आणि लगेच पुढे ग रे सा करत मंद्र ध प. शाळेत भूप शिकलेल्या कोणालाही ती पेटीवर लगेच बसवता येते. भूपाची बढत मात्र तिच्यात शोधू नका. साम्य स्वरांचं आहे, रागाचं नाही.

१६. डोंगफांग कड्यावरून पडला, तर तिसऱ्या भागात जिवंत कसा? तो पाहावा का?

१९९३ च्या ‘द ईस्ट इज रेड’मध्ये तो वाचला असं सरळ धरलं आहे. तो अज्ञातवासात असतो आणि बाहेर त्याच्या नावाने तोतये माजलेले असतात. एकेकाचा समाचार घ्यायला तो परत येतो. ब्रिजिट लिन आहेत, सोबत जोई वाँग. जेट ली नाहीत, लिंगहू चोंगची कथाही नाही. दिग्दर्शन चिंग सिउ-तुंग आणि रेमंड ली यांचं. कल्पना दुसऱ्या भागापेक्षाही बेफाम आहेत, पण धरून ठेवायला ती एक गाठ नाही, त्यामुळे मध्ये कंटाळा येतो. लिन यांच्यासाठी पाहा, आणि दुसऱ्या भागाच्या लगेच नंतर नको. मध्ये आठवडा जाऊ द्या, नाहीतर कड्यावरच्या त्या नकाराचा परिणाम तोतयांच्या गर्दीत पुसला जातो.